विणेचा पहारा

आमच्या गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस आणि सात रात्री देवळातली वीणा खाली टेकवायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही, हा नेम. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि या सगळ्यात विणेचा पहारा अखंड चालू. दोन-दोन तासांच्या पाळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या असत. रात्री दोन ते चार या वेळेपुढे कायम माझ्या आजोबांचं नाव. ती पाळी दुसरं कुणी मागत नसे.

मी हट्टानं त्यांच्याबरोबर जाई आणि देवळातल्या सतरंजीवर आडवा होई. कीर्तनाची गर्दी पांगलेली, मृदंग खोळीत गेलेला, समईची वात बारीक झालेली. अशा वेळी माणूस घटकाभर खांबाला टेकला असता, तर बघणारं कुणी नव्हतं. आजोबा आवाजसुद्धा उतरू देत नसत. डोळे मिटलेले, बोटं तारेवर, मुखी रामकृष्णहरि. मध्येच मला जाग येई तेव्हा तोच स्वर चालू असे. मी ऐकतो आहे, हे त्यांना ठाऊक नसे.

चार वाजता पुढचा पहारेकरी आंघोळ करून येई. विणेला नमस्कार करून तो आजोबांच्या पाया पडे. आणि वयानं कितीतरी मोठे असलेले आजोबाही वाकून त्याच्या पाया पडत. मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाई. तेवढा वेळ दोघंही नाम घेत असत. नव्याचा सूर लागला, की मगच जुना थांबे. धाकट्याच्या हाती काही सोपवताना आपण वाकायचं असतं, आणि त्याचा सूर लागेपर्यंत आपला सोडायचा नसतो, हे मी तिथे पाहिलं.

विणेचा खरा भार मात्र दिवसाउजेडी कळे. “विणेकरी माणूस आहे, मापात मारणार नाही,” असं लोक सहज बोलून जात, आणि आजोबांना त्या बोलण्याला जागावं लागे. एका वर्षी चाळीतला कांदा खालून ओला झाला. वरचा माल चांगला खणखणीत. व्यापारी भाव ठरवून पैसे मोजू लागला, तेव्हा आजोबा म्हणाले, “शेठ, आधी खालचा थर उकरून बघा.” भाव उतरला. घरी त्यावर कुणी बोललं नाही, आजोबांनीही आम्हा पोरांना बसवून उपदेश केला नाही. पण आम्ही तिथेच उभे होतो.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा कीर्तनात लागली की मला आजोबांचे ते शब्द आठवतात. तुकोबांच्याच घरातली दुसरी एक गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. तुकोबा गेले, तेव्हा त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा आईच्या पोटात होते, असं परंपरा सांगते. ज्या मुलानं वडिलांना कधी पाहिलं नाही, त्यानंच पुढे १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि देहूहून आळंदीमार्गे पंढरीची वाट धरली. तुकोबा त्या मुलापर्यंत पोचले कसे? आई जिजाबाई होत्या, तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा होते, तुकोबांच्या मागे टाळ धरून उभी राहिलेली माणसं होती. या मधल्या माणसांच्या बोलण्यातून, चालण्यातून त्या पोरक्या मुलाला आपले वडील भेटले असणार. एका मोठ्या माणसानं चांगलं वागून दाखवलं, तरी ते पुढे न्यायला अशी मधली माणसं लागतात. त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. तरी त्यांच्याविना पालखी निघाली नसती.

आजोबांनंतर वडिलांनी तीच पाळी घेतली. आता मी पुण्यात असतो, तरी सप्ताहाला गावी जातो आणि दोन ते चार मागून घेतो. मुलगी सोबत येते, सतरंजीवर झोपते. ती खरंच झोपलेली आहे, असं मी धरून चालत नाही.

मागे आम्ही पुण्यातलं राहतं घर विकायला काढलं. मधला माणूस म्हणाला, “पावसाळ्यात भिंत ओल धरते, ते आत्ता कशाला काढता?” मी घेणाऱ्यांना ती भिंत दाखवली. किंमत कमी झाली. मुलगी शेजारीच उभी होती. त्या वेळी मी काही मोठं करतो आहे, असं मनात आलं नाही. चाळीतला खालचा थर तेवढा डोळ्यांपुढे होता.

देवाची भीती घालून मुलं देवमार्गाला लागत नाहीत, गोष्टी सांगूनही फार थोडी लागतात. घरातलं माणूस तोटा सोसून खरं बोलताना त्यांनी पाहिलं, की देव कुठे असतो ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मुलीनं माझ्या आजोबांना पाहिलेलं नाही. तिला ते भेटायचे असतील, तर माझ्याच वागण्यातून भेटतील. म्हणून मला नीट वागलं पाहिजे.