चाकांवरचं घर आणि वणवा

जुलै म्हटला की आपल्याला आठवतो धो धो पाऊस, ओले मोजे आणि शाळेला मिळणारी अवचित सुट्टी. पण कॅलिफोर्नियात सगळा उलटा कारभार! तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात. उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळून कुरकुरीत होतं आणि वणव्यांचा मोसम सुरू होतो. आणि मुलांना मोठी सुट्टी असते तीही नेमकी तेव्हाच.

२०१८ च्या जुलैत मी सॅन होजेला ताईकडे गेलो होतो. भाऊजींनी मित्राची आरव्ही मागून आणली होती. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर! काही आरव्ही बससारख्या स्वतः धावतात. आमची मात्र पिकअप गाडीमागे जोडून ओढायची होती. आत पलंग, शेगडी, फ्रीज, एवढंसं न्हाणीघर. बंड्याने तर दोन रात्री आधीपासूनच तिच्यात मुक्काम ठोकला.

बेत योसेमिटीचा होता. शनिवारी, २८ जुलैला निघायचं. तिथली जागा मिळावी म्हणून चिंगी पाच महिने आधीच आईच्या मागे लागली होती. पण १३ जुलैला योसेमिटीच्या पश्चिमेला वणवा लागला. त्याचं नाव फर्ग्युसन. (हो, तिथे वणव्यांना नावं देतात, बहुधा जवळच्या जागेवरून.) आधी १४० क्रमांकाचा रस्ता बंद झाला आणि २५ तारखेला दुपारी योसेमिटीची दरीच पर्यटकांना बंद झाली.

त्या रात्री चिंगी जेवली नाही.

मला भारी दया आली. नकाशात उत्तरेला रेडिंग शहराजवळ व्हिस्कीटाऊन नावाचा तलाव दिसला. मी म्हटलं, "चला की तिकडे!"

"मामा, तिथेही वणवा आहे," चिंगी मुसमुसत म्हणाली. "कार फायर. सोमवारपासून."

"अगं, शनिवारपर्यंत विझेल."

ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. गुरुवारी, २६ तारखेला संध्याकाळी, तो वणवा नदी ओलांडून रेडिंगच्या वस्तीत शिरला. आगीचा एक प्रचंड भोवरा उठला. त्यातला वारा ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाचा होता, असा अंदाज शास्त्रज्ञांनी पुढे काढला. हजाराहून अधिक घरं जळाली. आठ माणसं गेली, त्यांत आग विझवणारेही होते. टीव्हीसमोर बसून मी माझा "विझेल" हा शब्द गिळला.

मग ताईने सूत्रं हाती घेतली. चिंगीला वही दिली आणि म्हणाली, "लिही. जिथून बाहेर पडायला एकच रस्ता आहे, तिथे जायचं नाही." या एका अटीने डोंगरातल्या किती जागा बाद झाल्या म्हणून सांगू! पुढे पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. डोंगरात मोबाइल चालेलच असं नाही, म्हणून कागदी नकाशा आणि रेडिओ. मुक्कामाला गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. कागदपत्रं, औषधं, मास्क एकाच पिशवीत, आणि ती पिशवी दारापाशी. रोज सकाळी हवेचा निर्देशांक पाहायचा. तो १५० च्या वर गेला, की हवा सगळ्यांनाच बाधते. मग मुक्काम हलवायचा.

"आणि पैसे बुडाले तर?" भाऊजी.

"बुडू देत."

शेवटी समुद्रकाठचं मोरो बे ठरलं, सुमारे ३०० किलोमीटरवर. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी तासभर आरव्हीच्या चाकांशीच खेळत होते. चारही टायरांत हवा मोजली. मग आडवे होऊन खालच्या साखळ्या पाहिल्या. गाडी आणि आरव्ही यांना जोडणाऱ्या या साखळ्या सैल राहिल्या, तर रस्त्यावर घासून ठिणग्या उडतात. मी सावलीत उभा राहून म्हटलं, "भाऊजी, लग्नाची गाडी सजवताय का?" ते हसले, पण उठले नाहीत.

मोरो बे झकास! समुद्रात उभा असलेला तो प्रचंड खडक, पाण्यात उताणे पडून पोटावर शिंपले फोडणारे समुद्री ऊद! योसेमिटी मात्र नाहीच झाली. दरी १४ ऑगस्टला उघडली.

पुढे कार फायरचं कारण जाहीर झालं. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रेलरचं टायर फुटलं होतं. चाकाची लोखंडी कड डांबरावर घासली, ठिणग्या उडाल्या आणि बाजूचं वाळलेलं गवत पेटलं. बस्स, एवढंच. त्यातून सुमारे ९३० चौरस किलोमीटर मुलूख जळाला.

बातमी वाचून झाल्यावर भाऊजी काहीच बोलले नाहीत. आरव्ही मित्राला परत द्यायची होती, जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता. मी बाहेर गेलो आणि गाडीखाली आडवा झालो. चिंगी टॉर्च धरून उभी होती.

"मामा, डावी साखळी जरा लोंबतेय," ती म्हणाली.