गरुड, चिंपांझी आणि मधलं माकड

१४ जानेवारी, फोर्ट पोर्टल, युगांडा
संक्रांत. तिळगुळाची पुडी गाडीतच फुटली आणि चालकासह सगळ्यांनी संपवली. रात्री पुण्याहून भाच्याचा मेसेज : "मामा, गरुड आणि चिंपांझीची झुंज लागली तर कोण जिंकेल?" हल्ली मुलांना मोबाईलवर असल्याच कुस्त्या बघायला मिळतात. उद्या जंगलात जाऊन कळवतो, म्हटलं.

१५ जानेवारी, किबाले
सकाळी कान्यांचूहून रेंजरच्या मागोमाग आत शिरलो. तोंडाला मास्क, कारण आपली साधी सर्दी चिंपांझींच्या जिवावर बेतू शकते. त्यांच्याजवळ थांबायला मिळतो एकच तास. तो कसा गेला कळलं नाही. एक थोराड नर पाठीवर पडून स्वतःच्या पायाचा अंगठा न्याहाळत होता. असला प्राणी शिकार करतो यावर विश्वास बसेना. जगाचाही बसत नव्हता. १९६० मध्ये गोम्बेत जेन गुडाल यांनी चिंपांझीला मांस खाताना पाहिलं, तोवर ते शाकाहारीच समजले जात.

याच अरण्यात न्गोगो भागात नरांच्या टोळ्या तांबड्या कोलोबस माकडांवर चालून जातात. खाली काही, फांद्यांवर काही, आणि आरडाओरडा इतका की लपवाछपवीचा प्रश्नच नाही. नंतर मांसाचे वाटे होतात. वाट्यावरून रुसवेफुगवेही.

१६ जानेवारी, बिगोडी
पाणथळीच्या कडेने चालताना वरून शिट्ट्या ऐकू आल्या. क्राउन्ड ईगल! आभाळात खालीवर हेलकावे घेत तो हद्द पुकारत होता. वजन जेमतेम तीन-चार किलो, पण स्वतःहून जड जनावर मारतो. पंख आखूड आणि रुंद, त्यामुळे दाट झाडीतूनही वळतो. मागच्या बोटाची नखी हे त्याचं खरं हत्यार. तासन्‌तास पानांआड गप्प बसायचं आणि एकदाच झेपावायचं, अशी त्याची रीत. न्गोगोत जॉन मितानी आणि सहकाऱ्यांनी घरट्यांखाली पडलेली हाडं तपासली, तेव्हा पाचात चारांहून अधिक शिकार माकडांचीच निघाली.

म्हणजे दोघांचं ताट एकच.

१७ जानेवारी, किबाले
पाऊस. दिवसभर वऱ्हांड्यात बसून सोबत आणलेले निबंध वाचले. क्लाउस झुबरब्यूलर यांनी आयव्हरी कोस्टमधल्या ताई अरण्यात डायना माकडांच्या जवळ स्पीकर लपवून आवाज ऐकवले. गरुडाची शीळ किंवा बिबट्याची गुरगुर वाजली की माकडं कल्लोळ करत. दोघांसाठी हाकाही वेगळ्या. चिंपांझीचा आवाज आला की मात्र चिडीचूप, आणि गुपचूप पसार.

कारण उघड आहे. गरुडाचा सगळा डाव अचानकपणावर. 'पाहिलं रे तुला' असं ओरडून सांगितलं की तो डाव फसतो. ताडोबात बिबट्या दिसताच वानर खकारतात, तेही बऱ्याच अंशी यासाठीच. चिंपांझीला पाहिलं म्हणून तो परत फिरत नाही. तो झाडावर चढतो, आणि ओरडणाऱ्याचा ठावठिकाणा त्याला आयता मिळतो. झुंजीपेक्षा हा निकाल मला अधिक भरवशाचा वाटतो. दिलाय तो जिवावरची जोखीम असणाऱ्यांनी.

१८ जानेवारी, एन्टेबे
विमानाला उशीर. भाच्याला सविस्तर लिहिलं :
झुंज लागणारच नाही. चाळीस किलोंच्या चिंपांझी नराच्या वाटेला चार किलोंचा शहाणा पक्षी जात नाही. पण गरुडाला कमी लेखू नकोस. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगच्या चुनखडीच्या खाणीत आपल्या प्राचीन नातलगाच्या एका लहान पोराची कवटी सापडली. २००६ मध्ये ली बर्जर यांनी तिच्या डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणा दाखवल्या. गरुडाने मारलेल्या माकडांच्या कवट्यांवर असतात, अगदी तशाच. एकट्याने शिकार करणारा म्हणून माझं मत गरुडालाच. माकडांना विचारशील तर धास्ती टोळीची. न्गोगोत तीन दशकांत तांबड्या कोलोबसची संख्या कोसळली, ती गरुडामुळे नव्हे, मुख्यतः चिंपांझींच्या शिकारीमुळे.