टाकीत काहीही चालेल, बॉस!

ऑनसाइटला जर्मनीत वाल्डॉर्फला आलात, की वीकएण्डचे बेत ठरलेले. हायडेलबर्गचा किल्ला, नाहीतर थेट पॅरिस! शेजारच्या मॅनहाइमचं नावही निघत नाही. मी मात्र तिथे गेलो, तेसुद्धा ट्रॅक्टरसाठी!

१९२१मध्ये याच शहरात लान्झ कंपनीचा इंजिनीअर फ्रिट्झ ह्यूबरनं ‘बुलडॉग’ आणला. सिलिंडर एकच, ताकद १२ अश्वशक्ती. स्पार्क प्लगची भानगडच नाही. इंजिनाच्या तोंडावरचा पोकळ लोखंडी गोळा ब्लोलॅम्पनं तापवायचा. तो लाल झाला, की आत पडणारं तेल आपोआप पेटतं. मग तेलाचे नखरे कशाला? कच्चं तेल, कोळशाच्या डांबराचं तेल, वापरलेलं इंजिन ऑइल, अगदी खायचं तेलसुद्धा! त्याच काळातला अमेरिकन फोर्डसन पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापल्यावर रॉकेलवर चालायचा. युद्ध हरलेल्या, कंगाल जर्मनीतल्या शेतकऱ्याला मात्र मिळेल ते पचवणारं यंत्र हवं होतं.

शहराबाहेर एका गावात जुन्या ट्रॅक्टरांचा मेळा भरला होता. एका आजोबांनी बराच वेळ ब्लोलॅम्प धरला. मग चक्क स्टिअरिंग व्हील दांड्यासकट उपसलं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खोचलं आणि दिला हिसका. ढुप्प... ढुप्प... पायाखालची जमीन हलायला लागली! टाकीत होतं रेपसीडचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या चुलतभावाचं तेल. धुराला वास थेट भज्यांच्या कढईचा!

दुसऱ्या महायुद्धात तेल रणगाड्यांकडे वळलं, तेव्हा बुलडॉगला लाकडाच्या गॅसची भट्टी जोडली गेली. पुढे सोपी डिझेल इंजिनं आली आणि ब्लोलॅम्प अडगळीत गेला. १९५६मध्ये लान्झ जॉन डिअरच्या ताब्यात गेली. हो, तीच जॉन डिअर, जिचे ट्रॅक्टर आपल्या पुण्याजवळच्या सणसवाडीत बनतात.

सोय झाली, हे खरंच. रोज पहाटे ब्लोलॅम्प कोण धरत बसणार? पण ‘हे नाही तर ते’ म्हणायची मुभा गेली. गावाकडे आमचे काका आज नांगरटीचा दर पंपावरचा डिझेलचा भाव बघूनच ठरवतात. बुलडॉगच्या मालकाकडे निदान दुसरा डबा तरी होता!

फ्रँकफर्टहून मॅनहाइम फास्ट ट्रेननं पाऊण तासाच्या आत येतं. बुलडॉग बघायचाच असेल, तर उभा नको, सुरू होताना बघा. आणि मालकाशी गप्पा मारायच्या असतील, तर मॉडेल नंतर विचारा. आधी विचारा, ‘आज टाकीत काय?’