सुपारीवरची मिरी

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या वर्गात मसाल्यांचा पाठ चालू होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या गावाला मिरी सुपारीवर लागते." मी म्हटलं, "सुपारीवर सुपारीच लागते रे!" सगळे हसले. तो गप्प बसला.

घरी वाचलं तेव्हा कळलं, मिरीचा वेल असतो आणि कोकणात तो सुपारी-नारळावरच चढवतात. हिरवे दाणे उन्हात वाळले की काळे पडतात. पिकलेल्या दाण्यांची साल काढली की पांढरी मिरी.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, "चूक माझी होती." खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर आधी सुपारीचं झाड काढलं, मग त्यावर चढलेला वेल.

शिक्षक-पालकहो, मूल काही वेगळं बोललं तर हसण्याआधी एकदा विचारा, "कसं रे?"