दुपारच्या बॅचचं तेल

बोलिंगच्या स्पर्धेत सकाळच्या बॅचसाठी लेनवर ताजं तेल मारलं आणि दुपारी आम्हाला त्याच, खेळून सुकलेल्या लेन दिल्या. गुणांची यादी मात्र एकच. मला हे आजही पटलेलं नाही.

मी उज्जैनचा. घरात मराठी, गल्लीत माळवी, लहानपणी मल्लखांब. बोलिंगसाठी इंदूर गाठायचं, सुट्टीच्या दिवशी. एरंडेल चोळलेला खांब हाताला कळतो. लेनवरचं तेल ना दिसतं ना हाताला लागतं. बॉल सोडला की तो सांगेल ते खरं. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, तेल साधारण पहिल्या ४० फुटांवर, तेही मधे दाट आणि कडांना पातळ. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यात पकडतो आणि वळतो.

माझ्या पिशवीत तीन बॉल होते. उरलेली एखादी पिन पाडायला प्लास्टिकचा, कारण तो जवळजवळ सरळ जातो. एक युरेथेनचा. आणि एक रिॲक्टिव्ह रेझिनचा, दाट तेलासाठी घासून खरखरीत केलेला. रेझिन तेल पितं. सकाळभर उजव्या हाताने खेळणाऱ्या सगळ्यांच्या रेझिन बॉलनी उजव्या बाजूचा पट्टा पिऊन टाकला होता. माझा बॉल अर्ध्या वाटेतच पकडायचा आणि पहिली पिन ओलांडून डावीकडे. मी उभं राहण्याची जागा डावीकडे सरकवली, आणखी सरकवली. तेच! सामना सुरू झाल्यावर बॉलचा पृष्ठभाग घासून बदलता येत नाही. शेजारी एक डावखुरा मुलगा निवांत स्ट्राइक मारत होता. त्याच्या बाजूचं तेल जवळपास शाबूत होतं.

आयोजकांकडे गेलो.

"सर, मशीन दिवसातून एकदाच फिरतं."

"मग दोन्ही बॅचचे गुण वेगळे लावा."

"लेन तर त्याच आहेत ना?"

त्याच कशा? लाकूड-लॅमिनेट तेच, खेळ दुसराच. प्रत्येक बॅचआधी तेल मारायला हवं आणि तेलाचा आराखडा भिंतीवर लावायला हवा. नवशिक्यांनाही सांगतो, दुकानदार सगळ्यात जास्त वळणारा बॉल गळ्यात मारेल. आधी प्लास्टिकचा घ्या, मग मध्यम ताकदीचा.

त्या दुपारी शेवटी मी युरेथेन काढला. तो लवकर पण सबुरीने वळतो, एकदम उसळी घेत नाही. पिन पडू लागल्या, तोवर उशीर झाला होता. आता मात्र सुकलेल्या लेनवर युरेथेननेच खेळायला मला जास्त आवडतं. ताज्या तेलावर तेवढी मजा येत नाही. तरी पुढच्या स्पर्धेत दुपारची बॅच मिळाली, तर आधी तेल मारा असंच म्हणणार आहे.