सुटलेला नर आणि आपलं वावर



आज पिकाचं काही नाही, डुकरांचं लिहितो. रानडुकरांवर आपण वर्षभर बोलतो. आजचा विषय पाळीव डुकराचा आहे, म्हणजे शेडमधून सुटून रानात गेलेल्या डुकराचा.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. शेडमधलं पांढरं यॉर्कशायर आणि नाल्यातलं काळं केसाळ रानडुक्कर दिसायला वेगळे असले तरी जात एकच. माणसानं रानडुकरालाच पाळून पाळीव डुक्कर केलं. त्यामुळे दोघांची पैदास होते, आणि होणारी पिल्लंही पुढे वितात. घोडा-गाढवाच्या खेचरासारखं तिथेच थांबत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण असं. पोळ्याच्या आठवड्यात आमच्या शिवारातल्या एका शेडमधून 3 पैदाशीचे नर सुटले. नाव-गाव सांगत नाही. पोरगा मेहनती आहे, कर्ज काढून धंद्यात उतरला आहे. पावसानं जाळीखालची माती भुसभुशीत झाली होती. नरांनी नाकाडानं उकरलं, जाळी उचलली आणि रातोरात पसार. धुऱ्याच्या कडेला दिवसाउजेडी पांढरं डुक्कर दिसलं म्हणून मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा 3 दिवस उलटून गेले होते. मला म्हणतो, "काका, बोभाटा नका करू जी. लोक शेडच बंद पाडतील."

त्याची भीती खोटी नाही. पण मी त्याला म्हटलं, "बाबू, सांगितलं तर लोक चार शिव्या देतील आणि शोधायला येतील. नाही सांगितलं तर फक्त शिव्या देतील, त्याही वर्षभर." त्याच संध्याकाळी त्यानं शेजाऱ्यांना फोन केले, आणि चाऱ्याच्या वेळेला रोजचाच डबा वाजवत नाल्याच्या काठानं फिरला. 2 नर डब्याच्या आवाजाला ओळखून मागे मागे आले. तिसरा आला नाही. अजूनही नाही.

आता कोणी म्हणेल, एक नर गेला तर काय बिघडलं? एकटा नर काय पिल्लं देणार आहे? बरोबर, एकटा नाही देणार. पण आपल्याकडे सोयरीक रानात तयारच आहे. रानडुकरांच्या कळपात माद्या आणि पिल्लं असतात, मोठा नर बहुतेक एकटा फिरतो आणि मादी माजावर आली की जवळ येतो. सुटलेल्या नरालाही तोच रस्ता सापडतो. मादी साधारण 114 दिवसांत विते, म्हणजे 3 महिने, 3 आठवडे, 3 दिवस. पोळ्याला सुटलेल्या नराचा हिशोब पौषात लागतो, ऐन हरभरा घाट्यावर असताना.

ओळखायचं कसं, तर रानडुकराच्या लहान पिल्लाच्या अंगावर लांब पट्टे असतात. पांढऱ्या नराची पहिली पिढी पांढरट किंवा ठिपकेदार निघू शकते. पुढच्या पिढ्यांत मात्र रंग मिसळून जातो आणि काही कळत नाही. राहतं ते एवढंच, की पाळीव मादीला एका वेताला जास्त पिल्लं व्हावीत म्हणून माणसानं पिढ्यान्पिढ्या निवड केलेली आहे. तो लेकुरवाळेपणा आणि रानाचा काटकपणा एका अंगात आला तर भुईमूग, मका, हरभरा, कशाचीच खैर नाही.

असं कुठं झालंय का? झालंय. कॅनडात 1980-90 च्या दशकांत शेतीला जोडधंदा म्हणून रानडुक्कर पाळायला प्रोत्साहन मिळालं. पुढे बाजार बसला. काही जनावरं कुंपणातून सुटली, काही मालकांनीच सोडून दिली. लोक म्हणाले, इतक्या बर्फात ती जगणार नाहीत. पण त्यांनी गवत-लव्हाळ्याची घरटी करून बर्फाखाली ऊब धरली आणि सस्कॅचेवान, मॅनिटोबा, अल्बर्टा या गव्हाच्या मुलखात पसरली. इंग्लंडमध्ये फॉरेस्ट ऑफ डीनच्या जंगलातली रानडुकरंही अशीच, शेतांवरून सुटलेल्या आणि सोडलेल्या जनावरांची औलाद आहेत. तिकडे रानात आधीचा कळप नव्हता, तरी हे झालं. आपल्याकडे तर नाल्यानाल्यात कळप आहे.

दुसरी भीती रोगाची. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरं पटापट मरतात, आणि आपल्याकडे त्यावर वापरात लस नाही. शेडमध्ये रोग निघाला तर 1 किलोमीटरच्या आतली सगळी पाळीव डुकरं मारावी लागतात. 2023 च्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरंही या रोगानं मेली. सुटलेलं डुक्कर शेडचा रोग रानात नेऊ शकतं, आणि परत आलं तर रानातला शेडमध्ये आणू शकतं. म्हणून त्या पोराला मी सांगितलं, परत आलेले 2 नर सरळ कळपात घालू नको, वेगळे बांध, पशुवैद्यकाला दाखव.

तिसरी अडचण कागदाची. रानडुकराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय मारता येत नाही. वनविभागाची नुकसानभरपाई वन्यप्राण्यानं खाल्लेल्या पिकाला आहे. पाळीव डुकरानं खाल्लं तर ते मालकाच्या नावावर. आणि मिसळलेल्या कळपानं खाल्लं तर? खूर तेच, उकरणंही तेच. पंचनाम्याला आलेला माणूस तरी काय लिहिणार?

म्हणून ज्यांची शेडं आहेत आणि जे टाकणार आहेत त्यांना हात जोडून सांगणं. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नरांच्या युनिटला 50 टक्क्यांपर्यंत भांडवली अनुदान आहे, म्हणजे शेडं वाढणारच. वाढू द्या, धंदा चांगला आहे. पण जाळी नुसती जमिनीला टेकवू नका, दीड-दोन फूट खाली गाडा किंवा बुडाशी सिमेंटचा पट्टा घाला. फाटक दुहेरी ठेवा. पैदाशीला न लागणारे नर लहानपणीच खच्ची करून घ्या. प्रत्येकाच्या कानात बिल्ला हवा, म्हणजे "हे माझं" म्हणता येतं. चारा रोज ठरल्या वेळी आणि एकाच आवाजावर द्या. 2 नर परत आले ते त्या सवयीमुळे. आणि सुटलंच तर त्याच तासाला सांगा.

आपण शेजाऱ्यांनीही कुत्रे आणि काठ्या घेऊन धावू नये. डुक्कर बिथरलं की ते लांब जातं, मग डब्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि कुंपणात घरच्या लाईनचा करंट तर अजिबात सोडू नका. डुकरासाठी लावलेल्या तारेवर माणसं गेली आहेत.

हरभऱ्याची जागल लवकरच सुरू होईल. बॅटरीच्या उजेडात कळपाबरोबर पांढरट पिल्लं दिसली तर हाकलायच्या आधी मोजा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, आणि वनरक्षकाला व पशुवैद्यकाला दोघांनाही कळवा. त्या पोराचा नंबर मी शेजारच्या सगळ्या वावरवाल्यांना दिला आहे, त्याला विचारूनच. तो आता रात्री-बेरात्री फोन उचलतो.