कार्डांचा व्यापारी

जूनमध्ये मासेमारीबंदी लागली की मालवणात संध्याकाळी लांबतात. बेसबॉल इथं कुणी खेळत नाही, तरी भाचा टीव्हीवर ‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम लावून बसतो. खेळापेक्षा त्याला त्यातल्या डायमंड डायनेस्टी या विभागातली खेळाडूंची कार्डं प्यारी. “मामा, पाकिटां फोडूची नाय, तो जुगार आसा.” त्याची रीत अशी: सामने खेळून स्टब्ज, म्हणजे गेममधलं चलन, मिळवायचे, गेममधल्या बाजारात कमी बोली लावून थांबायचं आणि विकताना दहा टक्के कर जातो हे धरूनच भाव ठरवायचा. आमच्या लहानपणी बिग फन बबलगमच्या क्रिकेट कार्डांवर धावा आणि बळी छापलेले असत. ती अदलाबदलीनं जमत, उधारीही चाले! भाच्याची कार्डं मात्र गेमच्या पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत चालत नाहीत. म्हणून वेळ घाला हवा तर, पण स्टब्जसाठी खिशातला रुपया घालू नका.